भेटींच्या वेळापत्रकात मित्रांनाही जागा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घटस्फोटाविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा मूल कोणाकडे राहणार, दुसऱ्या पालकाला कधी भेटणार आणि खर्च कोण उचलणार, एवढ्यावरच थांबते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु प्राथमिक शाळेत दीर्घकाळ शिकवताना मला असे दिसत आले की, पालक विभक्त झाल्यामुळे शाळाही बदलावी लागलेले मूल नव्या वर्गात येते, तेव्हा मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसायचे हीच त्याची पहिली चिंता असते आणि तिचा विचार मोठ्यांपैकी क्वचितच कोणी केलेला असतो.

घटस्फोटाने मुलाचे आयुष्य उद्ध्वस्तच होते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ या संशोधकांनी १९९१ मध्ये ९२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. घटस्फोटित पालकांची मुले आणि इतर मुले यांच्यात त्यांना फरक आढळला, पण तो सरासरीने लहान होता. उलट एकत्र राहून सतत भांडणाऱ्या पालकांच्या मुलांची अवस्था अधिक वाईट दिसली. मुलाला जाच होतो तो भांडणांचा आणि घर, शेजार, शाळा, पैशाची ओढाताण असे सगळे बदल एकाच वेळी अंगावर येण्याचा. म्हणून शक्य असेल तेथे निदान त्या वर्षापुरती तरी शाळा बदलू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

शाळा बदलणे अटळ असेल, तर मैत्री जुळायला वेळ द्यावा लागतो. या वयातील मैत्री गप्पांतून कमी आणि त्याच मुलांबरोबर तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळण्यातून अधिक होते. दर शनिवारी-रविवारी दुसऱ्या पालकाच्या घरी जाणारे मूल नेमके तेव्हाच मैदानावर नसते, वाढदिवसाला नसते, आणि काही आठवड्यांनी त्याला बोलावणेच येईनासे होते. मित्राकडे जायचे म्हटले की ‘हा माझा रविवार आहे’ असे म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांची व्याकुळता मला कळते, पण तो रविवार मुलाचाही असतो. त्या दिवशी त्याला मित्राकडे पोहोचवणे आणि परत आणणे हीसुद्धा भेटच मानावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील नववे कलम विभक्त झालेल्या दोन्ही पालकांशी नियमित संबंध राखण्याचा मुलाचा हक्क मान्य करते, तर एकतिसावे कलम खेळण्याचा. वेळापत्रक आखताना नववे तेवढे सर्वांच्या ध्यानात राहते.

नव्या मित्रांना काय सांगायचे, हा प्रश्नही मुलाला छळतो. लहान मुलांना पुष्कळदा वाटते की आपल्यामुळेच हे घडले, आणि मग ती घराविषयी बोलणेच टाळतात किंवा काहीतरी रचून सांगतात (त्याला खोटारडेपणा म्हणण्याची घाई करू नये). ‘आमचे आईबाबा वेगवेगळ्या घरी राहतात, मी दोघांकडे जातो,’ एवढे साधे वाक्य आईवडिलांनी मिळून त्याला दिले, तर त्याचा भार बराच हलका होतो. त्यापलीकडे किती सांगायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. शिक्षकांनी वर्गासमोर त्याविषयी चकार शब्द काढू नये. अशा मुलाला वर्गातल्या सर्वांत लोकप्रिय मुलाशेजारी बसवण्याचा मोह होतो, पण एखाद्या शांत, रोज हजर राहणाऱ्या मुलाची सोबत बहुधा अधिक टिकते.

ताब्याच्या वाटाघाटींत मध्यस्थी करणाऱ्या समुपदेशकांना माझी विनंती आहे की, भेटींचे दिवस कागदावर उतरवण्यापूर्वी त्यांनी मुलाला आठवड्यातून कोणत्या वेळी कोणाबरोबर खेळायचे असते ते विचारावे आणि शक्य तितकी ती वेळ मोकळी सोडावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका