बाबा, पुळणीवर पुन्हा जायला लागा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर म्हणाली, "हे हल्ली व्याडेश्वरालासुद्धा जात नाहीत, पुळणीवर तर दिवाळीपासून फिरकलेले नाहीत." मागून बाबांचा आवाज आला, "तिला कशाला सांगतेस?" त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर हे बोलायला गेलं की मला रडू येतं आणि बाबा आगराचा विषय काढतात, म्हणून लिहिते आहे. आई, दुपारी पडवीत बसून मोठ्याने वाच, मध्ये काही गाळू नकोस.

बाबा, कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान झाल्यापासून तुम्ही दोन गोष्टी केल्यात. कुणीतरी आणून दिलेल्या 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सुलांच्या डब्या फडताळात मांडल्यात आणि घराबाहेर पडणं सोडलंत. माझं म्हणणं अगदी उलट आहे. डब्या राहू देत, तुम्ही बाहेर पडा. असं का म्हणते ते सांगते. तुम्ही मला गणित शिकवताना उत्तराआधी रीत विचारायचात.

माडीच्या खिडकीचे गज तुम्ही किती वेळा खरवडून रंगवलेत! खारा वारा लोखंड खातो. मेंदूत तेच काम प्राणवायू करतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू त्याला लागतो सुमारे २० टक्के. त्यातून ऊर्जा काढताना काही उपद्रवी रेणू सुटतात आणि समोर येईल त्याला कुरतडतात. चेतापेशीच्या आवरणात स्निग्ध पदार्थ भरपूर, त्यामुळे ते जुन्या खोबऱ्यासारखं खवट होऊ शकतं. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. तुमच्या दुखण्यात ज्या पेशी जातात त्या मेंदूच्या तळाशी एका काळसर पट्ट्यात असतात आणि डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं निरोप्या रसायन, बनवतात. डोपामीन मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, शिवाय त्या जागी लोह जास्त. म्हणजे घर अगदी समुद्राला लागून, वाऱ्याच्या तोंडावर.

पण गजाला रंग आपण लावतो, पेशी मात्र आपला रंग आपणच लावते. त्यासाठी तिच्याकडे स्वतःची विकरं (एन्झाइम) असतात, त्या उपद्रवी रेणूंना निकामी करणारी प्रथिनं. त्यातल्या एकाचं, सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं काम १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं. ही विकरं किती बनवायची, कधी बनवायची, हे ठरायला पेशीला बाहेरची खबर लागते. ती खबर घेतात पेशीच्या आवरणावरचे रिसेप्टर, म्हणजे ग्राही. आई, तू मागच्या पडवीत वाटण करत असलीस तरी भाजीवालीची हाक तुला बरोबर ऐकू येते आणि बाबांना फक्त पोस्टमनची घंटा. रिसेप्टर असेच असतात. प्रत्येकाचा कान एकाच आवाजाला लागलेला.

त्यातला एक आहे ट्रकबी. त्याला हाक मारणारं प्रथिन, बीडीएनएफ, १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं गेलं. ते ट्रकबीला येऊन चिकटलं की निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, तग धरायला लागणारी जनुकं जागी होतात, आणि संरक्षक विकरांचं उत्पादन वाढतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हे दिसलेलं आहे.

दुसरा मला फार जवळचा वाटतो, कारण तो आपल्या शिंपण्यासारखा आहे. एनएमडीए नावाचा हा रिसेप्टर ग्लुटामेट ऐकतो, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रसायन. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या सांध्यावर तो ग्लुटामेट ऐकतो तेव्हा पेशी आपली ऑक्सिडेशनविरोधी तटबंदी डागडुजी करून घेते. पण ग्लुटामेट सांध्याबाहेर सांडून साचलं, तर बाहेरचे तेच रिसेप्टर पेशीला मरणाकडे ढकलतात, असं उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसतं. पाटाचं पाणी पाळीने पोफळीच्या आळ्यात आलं तर झाड जगतं, साचून राहिलं तर मूळ कुजतं. आणि पाटच बंद ठेवला तर? बाबा, तुम्ही गेले काही महिने पाट बंद ठेवलाय असं मला वाटतं. माणसं नाहीत, चालणं नाही, भजनाला टाळ नाही.

व्यायामाने बीडीएनएफ वाढतं, हे प्राण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. माणसांचंही एक काम आहे, २०११ सालचं. १२० वयस्कर माणसं घेतली. निम्मी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालली, निम्म्यांनी फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. चालणाऱ्यांचा स्मरणाशी संबंधित मेंदूचा भाग सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्यांचा आक्रसला. ती निरोगी माणसं होती, कंपवाताची नव्हेत. गेलेल्या पेशी चालण्याने परत येतील असं मी म्हणत नाही, तुम्हाला खोटं सांगणार नाही. ज्या आहेत त्यांच्यासाठी म्हणते.

आता त्या कॅप्सुली. ई जीवनसत्त्व हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट, म्हणजे त्या उपद्रवी रेणूंना आवरणारा पदार्थ. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ८०० कंपवात रुग्णांच्या चाचणीत त्याचे मोठे डोस देऊन पाहिले आणि १९९३ मध्ये निकाल आला, दुखण्याच्या वाटचालीत काही फरक पडला नाही. वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण बाहेरून रंगाचा डबा ओतल्याने गज रंगत नाहीत, हे त्यातून मला पटलं.

गडग्यावरच्या खाजकुयलीचंही कुणी सांगेल. तिच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, तुमच्या गोळीत असतं तेच. म्हणूनच ती आपल्या मनाने खायची नाही, गोळीवर भर पडली तर डोस कुठल्या कुठे जाईल. आई, गोळी मात्र वेळेवर, आणि डाळ-दुधाबरोबर नको. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दाराने आत शिरतात, गर्दी झाली की गोळी मागे राहते. जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारून घे. कॅप्सुलांच्या डब्याही त्यांना दाखव.

बाबा, हात थरथरतो ते लोकांनी पाहू नये म्हणून तुम्ही जात नाही, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ ओढणारा हात. पण गेल्या खेपेला मी नीट पाहिलंय. हात मांडीवर स्वस्थ असतो तेव्हा जास्त थरथरतो, तुम्ही पेला उचललात की कमी होतो. या दुखण्याचं ते लक्षणच आहे. हाताला काम दिलं की तो तुमचं ऐकतो.

मी शिमग्याला चार दिवस आधी येते. सकाळी ओहोटी बघून आपण तिघं पुळणीवर जाऊ, सुरूंच्या बनापर्यंत तरी. तोवर आई, रोज संध्याकाळी पाणंदीच्या टोकापर्यंत त्यांना घेऊन जा, आणि पालखी अंगणात येईल तेव्हा द्यायचा नारळ बाबांसाठी आत्ताच बाजूला काढून ठेव.

तुमची,
धाकटी