मेस्त्रीकाका, तीन नंबरचा सिलिंडर अजून नीट पेटतोय

आदरणीय मेस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार, म्हणून आधी तुमची परवानगी घेतली. तुम्ही म्हणालात, "लिही, पण नाव नको घालूस बाय. गर्दी झाली तर एकेका गाडीला वेळ देता येणार नाही." म्हणून नाव घालत नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की गुहागर-चिपळूण रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे साठी ओलांडलेले एक मेस्त्री एका वेळी एकच गाडी घेतात.

गाडी बाबांची, 2003 सालची. चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. बाबा गेल्यापासून मी चालवते. आईला महिन्यातून दोनदा कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि एसटीने तो प्रवास तिला झेपत नाही. त्यामुळे ही गाडी नीट चालणं म्हणजे आमच्या घरातलं बरंच काही नीट चालणं.

ती मिसिंग मारायला लागली, म्हणजे एका सिलिंडरमधलं पेट्रोल मध्येमध्ये पेटेनासं झालं, ते दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात. सकाळी चालू केली की स्टिअरिंग थरथरायचं. सायलेन्सरमागे हात धरला तर वाफारा एका लयीत येत राहायचा आणि मध्येच एक ठोका गळायचा. सपाटीला कशीबशी चालायची, चढ लागला की हिसके. एकदा कराडच्या वाटेवर पोफळी गाव सोडून कुंभार्लीचा घाट चढताना, दुसऱ्या गियरमध्ये, भर पावसात वळणावर बंदच पडली. मागच्या ट्रकचा क्लीनर उतरला आणि त्याने चाकाला दगड लावला. आई शेजारी रिपोर्टची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

त्यानंतर वर्षभरात गाडी चार ठिकाणी दाखवली. पहिल्यांदा ठिणगी पाडणारे प्लग बदलले. दुसऱ्यांदा प्लगना वीज पुरवणारी कॉइल बदलली आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले. तिसऱ्यांदा प्लगच्या वायरी. चौथ्या ठिकाणी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलावं लागेल असं सांगितलं, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी काढून टाका, असाही सल्ला मिळाला. दर वेळी गाडी गॅरेजमधून निघताना झकास चालायची. आठ दिवस, पंधरा दिवस, एकदा तर तीन आठवडे. मग पुन्हा तेच. मला वाटू लागलं की दोष माझ्या चालवण्यात आहे.

तुमच्याकडे आले ती गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या एका शनिवारी, आईलाही घेऊन. मला वाटलं होतं तुम्ही बॉनेट उघडाल. तुम्ही आधी दोन खुर्च्या मांडल्यात. नुसते प्रश्न विचारत राहिलात. गार इंजिनला जास्त होतं की तापल्यावर? पाऊस चालू असताना, की पावसाच्या दुसऱ्या दिवशी? गॅरेजमधून आणल्यावर किती दिवस बरी राहते? तिथे गाडी छपराखाली असते का? घरी कुठे लावता? तोंड चढाकडे की उताराकडे? घरी गाडी कशी लावते हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

मी उत्तरं देत होते आणि आई मध्येच म्हणाली, "त्या गाडीत माझ्या पायाखालचं पायपुसणं सारखं ओलं असतं." मी तिला गप्प केलं. पायपुसण्याचा आणि इंजिनाचा काय संबंध, असं मला वाटलं. तुम्ही मला थांबवलंत आणि खुर्ची तिच्याकडे वळवलीत. "वहिनी, हे कधीपासून?" तिने आठवून सांगितलं: त्या आषाढापासूनच. तुम्ही मान डोलावलीत, बोलला काहीच नाहीत.

काका, आईचं बोलणं हल्ली फारसं कुणी पूर्ण ऐकून घेत नाही. मीही नाही. हे मी इथे लिहून ठेवते आहे.

मग आपण चढावर गेलो. तुम्ही मुद्दाम तिसरा गियर ठेवायला लावलात, वेग कमी, पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबून. गाडीने लगेच हिसके दिले. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून तुम्ही इंजेक्टरची कनेक्टरं एकेक करून काढलीत. एकचं काढलं, इंजिन बसलं, म्हणजे मंदावलं. दोनचं काढलं, बसलं. तीनचं काढलं तर फरक अगदी थोडा. चारचं काढलं, पुन्हा बसलं. म्हणजे तीन नंबर जवळजवळ काम करतच नव्हता. प्लगची वायर का नाही काढत, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की स्पार्क तोडला तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याची, जाळी तापून वितळू शकते. इंजेक्टर तोडला तर पेट्रोलच जात नाही. मिसिंग मारणारी गाडी महिनोन्‌महिने तशीच चालवू नये, त्याचंही कारण हेच.

नंतर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तीन नंबरच्या इंजेक्टरवर टेकवून मूठ माझ्या कानाला लावायला सांगितलीत. आत टिकटिक टिकटिक स्वच्छ ऐकू आली. इंजेक्टर उघडतोय, मिटतोय. "हा बिचारा आपलं काम करतोय," म्हणालात. नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की पी 0303 असा कोड दिसतो, म्हणजे तीन नंबरमध्ये मिसफायर, हेही तुम्हीच सांगितलंत. पण तो कोड सिलिंडरचा नंबर सांगतो, कारण सांगत नाही. स्पार्क, पेट्रोल की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा आवळली जाते तो दाब), हे शेवटी शोधावंच लागतं.

तुम्ही काळोख व्हायची वाट बघायला लावलीत. साडेसातला शेडमधला दिवा बंद केलात, इंजिन चालू ठेवलंत आणि झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींच्या टोकाला असलेल्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी टोप्यांभोवती नुसतं धुकं सोडलंत. मला दोन पावलं मागे उभं केलंत. तिथे हजारो व्होल्ट असतात, हात लावायचा नाही. आणि मग ते दिसलं. तीन नंबरच्या टोपीच्या कडेला, केसाएवढा बारीक निळा धागा, टक् टक् करत टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनवरच्या झाकणावर, उड्या मारत होता. वर्षभर जे मला नुसतं हिसक्यांतून जाणवत होतं ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

प्लग काढलात तेव्हा पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ, टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारखी. फडक्याने पुसून जाईना. टोपी फाकवून दाखवलीत, तर आतल्या रबरावर त्याच जागी तशीच रेघ. प्लगच्या खळग्यात गढूळ तांबूस पाणी, आणि काठावर पांढरी भुकटी. मिठाची.

तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते इथल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला माहीत असायला हवं. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला मुळातच विजेचा मोठा दाब लागतो. चढावर, पाय दाबलेला असताना, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं आणि जास्त आवळलं जातं, तेव्हा ती फट ओलांडायला आणखी व्होल्ट लागतात. त्याच वेळी प्लगच्या बाहेरच्या अंगाला ओल असेल, त्यात आपल्याकडची खारी हवा, तर विजेला फटीपेक्षा ती वाट सोपी पडते. आत ठिणगी न पडता वीज बाहेरूनच इंजिनच्या धातूत उतरते, म्हणजे अर्थ होते. असं वारंवार झालं की त्या वाटेवर कार्बनची रेघ उमटते. कार्बनमधून वीज वाहते, मग ओल वाळली तरी वाट कायम राहते. म्हणून आधी फक्त पावसात होणारं दुखणं पुढे कोरड्या दिवसांतही घाटात होऊ लागलं.

आणि म्हणूनच आधीचे सगळे उपाय थोडे दिवस टिकले. नवे प्लग घातले तेव्हा टोप्या जुन्या, रेघ पडलेल्या होत्या. त्यांनी नव्या प्लगवर रेघ पाडली. पुढे वायरी नव्या आल्या तेव्हा प्लग "नवेच आहेत" म्हणून तेच ठेवले, त्यांनी नव्या टोप्या बिघडवल्या. त्यात गॅरेजमध्ये गाडी दोन-तीन दिवस छपराखाली वाळायची. कुणी मला फसवलं असं मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने काम केलं. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलायच्या असतात हे कुणी सांगितलं नाही.

प्लग निघालेच होते, म्हणून तुम्ही चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन बघितलंत. काटा चारही वेळा 165 ते 175 पीएसआयच्या मध्ये थांबला. "हेड खोलायचं नाव काढायचं नाही," एवढंच बोललात. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मला वाटलं, आता नवे प्लग, नव्या वायरी, झालं. तुम्ही त्या रात्री ते घातलेच नाहीत. जुनेच पुसून, वाळवून बसवलेत आणि म्हणालात, "गाडी घरी ने. नेहमी लावतेस तश्शीच लाव. पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय नवीन माल घालायचा नाही."

रविवारी सकाळी सातला, दुकान बंद ठेवायच्या दिवशी, तुम्ही स्कूटरवरून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आलात. आमचं खळं उतरतं आहे. गाडी फणसाखाली, तोंड उताराकडे. तुम्ही आईकडून तांब्या मागितलात आणि बॉनेट उघडं ठेवून समोरच्या काचेवर उजव्या बाजूने पाणी ओतलंत. ते उजव्या चाकामागून धो धो खाली आलं. मग डाव्या बाजूने ओतलंत. खाली काहीच आलं नाही. थोड्या वेळाने पाणी वायपरखालच्या जाळीच्या पुढच्या काठावरून ओघळलं, टॅपेट कव्हरवर थेंब थेंब पडलं आणि सरळ तीन नंबरच्या खळग्याकडे गेलं. तुम्ही बोटाने ती वाट दाखवत होतात आणि आई पडवीतून बघत होती.

जाळी काढली तेव्हा आत फणसाची पानं, आंब्याचा मोहोर, कसल्यातरी बिया, सगळं कुजून चहाच्या चोथ्यासारखं झालेलं. पाणी खाली जायचं डावं भोक त्याने पूर्ण बुजलं होतं. तिथे साचलेलं पाणी पुढून इंजिनावर यायचं आणि मागून गाडीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या तोंडातून आत, डाव्या सीटच्या पायाशी. आईचं पायपुसणं त्यानेच भिजायचं. तुम्ही हात धुता धुता तिला म्हणालात, "वहिनी, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, आम्हालाच ऐकायला उशीर झाला." त्या दिवशी तिने जेवताना ही गोष्ट मला तीनदा सांगितली.

भोक मोकळं केलंत, खळगे हवा मारून वाळवलेत, मग चार प्लग आणि चार वायरी एकदम बदलल्यात, टोप्यांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवलात. सामान आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत. काळोख व्हायची वाट बघण्यात गेलेली संध्याकाळ आणि मोडलेला रविवार तुम्ही हिशेबात धरला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "ते मला कळून घ्यायचं होतं, त्याचे पैसे कसले?"

गाडी आता खळ्याच्या दुसऱ्या टोकाला लावते, तोंड चढाकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाळी साफ करते, पावसाळ्यात दर आठवड्याला. काचेवर तांब्याभर पाणी ओतून दोन्ही बाजूंनी खाली येतं का ते बघते. दोन मिनिटांचं काम आहे. शेजारच्या दोघांनाही दाखवलं. त्यातल्या एकाच्या गाडीतून मूठभर पोफळीची फुलं आणि एक मेलेला खेकडा निघाला.

यंदाचा पूर्ण पावसाळा गेला. कुंभार्ली घाट आम्ही मृगापासून गणपतीपर्यंत जाता-येता चौदा वेळा ओलांडला. एकदाही ठोका चुकला नाही. परवा घाटापलीकडे हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा आईने वाकून पायाखाली हात लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून हसली.

पावसाळा संपला की एकदा प्लग काढून बघू, असं तुम्ही सांगितलं होतं. येत्या शनिवारी दुपारी गाडी घेऊन येते. आई पण येईल. तिने तुमच्यासाठी आमसुलं आणि फणसपोळी बांधून ठेवली आहे, आणि सीटखाली हल्ली कसलासा आवाज येतो, तोही तिला तुम्हालाच सांगायचा आहे.

आपली कृतज्ञ,
एक गुहागरकर