आशाताई, त्या चिठ्ठीसाठी

आशाताई,

गावातली आरोग्यसेविका म्हणून सगळे तुम्हाला ‘आशा’ म्हणतात, पण तुमचं खरं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. गावातलं कुणीही वाचेल तर ओळखेलच. लेक आता पालथी पडते, मोठ्याने हसते, आणि तिला हसताना बघून अजून माझा गळा भरून येतो.

बाळ बघायला घरी यायची तुमची बेचाळिसाव्या दिवसाची भेट होऊन गेली होती. पुढची थेट तिसऱ्या महिन्यात. मधे तुम्ही यायलाच हवं असा काही नियम नाही. आधीच्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, एवढाच तुमचा हिशेब. तरी आईचा फोन गेला आणि तुम्ही जेवत्या ताटावरून उठून आलात.

त्याच संध्याकाळी आम्ही तालुक्याच्या एका दवाखान्यात जाऊन आलो होतो. डोक्यावर पंखा भरभर फिरत होता, बाळाच्या कपाळावर घाम होता, आणि काउंटरवरच्या मुलाने ताप मोजायची ती बंदूक वीतभर लांबून कपाळावर धरली. 97.4. ‘‘ताप नाही.’’ ती दूध ओढत नाही, नेहमीसारखी रडतही नाही, असं मी सांगत होते, तर उत्तर आलं, ‘‘पहिलंच आहे ना? पहिल्या वेळी सगळ्याच आया घाबरतात.’’ बाळाच्या अंगाला कुणी हातसुद्धा लावला नाही. कपाळाचं यंत्र कातडीची उष्णता बघतं. घाम, वारा, जास्त अंतर, कशानेही आकडा खाली येतो. रोज तेच यंत्र हातात धरणाऱ्यांना हे माहीत नसावं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. जाऊही नये.

तुम्ही आलात आणि आधी दुपटं सैल करायला लावलंत, शेगडी बाहेर न्यायला सांगितलीत. ‘‘गुंडाळलेल्या बाळाचं अंग तसंही तापतं. जरा थांबू.’’ मग पिशवीतून साधा डिजिटल थर्मामीटर काढलात, पुसलात, आणि आधी माझ्याच काखेत लावायला सांगितलंत. 98.2. ‘‘यंत्र बरोबर आहे, बघितलंत ना? आता बाळाला तुम्हीच लावा.’’ मी तिची काख कोरडी केली, टोक काखेच्या मधोमध ठेवलं आणि बीप वाजेपर्यंत तिचा दंड अंगाशी धरून राहिले. तुम्ही आकडा बघायला वाकलासुद्धा नाहीत. मीच वाचला. 101.2.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे सगळं लिहितेय. पुन्हा मोजून बघितलं नाहीत. वहीचं पान फाडून लिहिलंत: ‘ताप 101.2, काखेत, रात्री पावणेदहा, आईने मोजला. दूध ओढत नाही.’ खाली सही केलीत. ‘आईने मोजला’ हे लिहायची तशी काय गरज होती? पण दिवसभर ज्या बाईचं कुणी ऐकलं नव्हतं, तिच्या शब्दाखाली तुम्ही तुमची सही ठेवलीत. जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी ती चिठ्ठी एकदा वाचली आणि पुढचं कसं भराभर झालं ते मला नीट आठवतही नाही. लघवीचा संसर्ग होता. वेळेवर आणलंत, असं ते आईला म्हणाले. आम्ही आणलं नव्हतं ताई, तुम्ही पाठवलं होतंत.

गाडीत बसताना तुम्ही म्हणाला होतात ते आता मी ओळखीच्या प्रत्येक बाळंतिणीला सांगते. तीन महिन्यांच्या आतलं बाळ 100.4 ला पोचलं की घरी औषध देऊन वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. आणि नवजात बाळ 97.7 च्या खाली गेलं तर तीही काळजीचीच गोष्ट, हे तर कुणाच्या गावीही नसतं. सगळे तापाकडेच बघतात. इथे पुण्यात मेडिकलवाला कानात लावायचं महागडं यंत्र दाखवत होता. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा कान त्याला फार अरुंद असतो. मी तुमच्यासारखाच साधा, मऊ टोकाचा घेतला. आईच्या कपाटातला पाऱ्याचा काचेचा मात्र आता घरात वापरत नाही. फुटला तर पाऱ्याची वाफ बाळाच्याच नाकात जायची.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 साली ते जगाने वाचलं. घरी येऊन बाळ बघायची तुमची पद्धत तिथूनच देशभर गेली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. तो तुमचाच होता ताई. पण मला वाटतं, काखेत थर्मामीटर लावणं कुणालाही शिकवता येतं. समोरच्या घाबरलेल्या बाईवर विश्वास ठेवणं तुमच्यात आधीपासूनच असणार. अशी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्या जिवावर आमची लेकरं मोठी होतात, हे मोठ्याने बोललं जात नाही.

नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आपल्या उपकेंद्रातच घ्यायची असं ठरवलंय. त्या दिवशी जेवायला आमच्याकडे यायचं. आई पुरणपोळ्या करणार आहे, आणि या वेळी ताटावरून कुणी उठवणार नाही.

तुमची,
लेकीची आई