बीजिंगला जाताय? एक दिवस शिजियाझुआंगसाठी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून चीनला जाणाऱ्यांच्या यादीत चीनची भिंत, बीजिंगचा राजवाडा आणि शांघायचे मनोरे ठरलेले असतात. उद्यमबागेतले कारखानदार ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला जातात आणि बहुधा तिथूनच परततात. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी मात्र सहसा कुणाच्या कार्यक्रमात नसते. ती शिजियाझुआंगला आहे, बीजिंगपासून सुमारे 280 किलोमीटरवर. वेगवान रेल्वेने सव्वा-दीड तास लागतो, म्हणजे सकाळी निघून रात्री मुक्कामी परतता येते.

आधी व्हिसा. मुंबईतल्या चिनी वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही येतात, त्यामुळे बेळगावच्या पत्त्याचा अर्ज मुंबईलाच जातो. (एवढ्या एका बाबतीत तरी आपण मुंबईचे!)

रेल्वेत पासपोर्ट हेच तिकीट. आरक्षण करताना नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे घालावे. वडिलांचे नाव गाळले किंवा आडनाव पुढे-मागे झाले की फाटकावर अडकायला होते. गाडी बीजिंग पश्चिम स्थानकावरून धरावी. बीजिंगमध्ये मोठी स्थानके अनेक आहेत आणि चुकीच्या स्थानकावर पोहोचलात तर गाडी गेलीच म्हणून समजा. स्वयंचलित फाटक परदेशी पासपोर्ट वाचेलच असे नाही, तेव्हा कर्मचारी उभा असलेली रांग शोधावी. सामान तपासणीत सुरी, कात्री निघाली तर ती तिथेच राहील. पानवाल्या मंडळींनी अडकित्ता घरी ठेवावा.

शिजियाझुआंग स्थानकातून मेट्रोची 3 क्रमांकाची मार्गिका धरून शिनबाय ग्वांगछांगला उतरायचे आणि तिथे 1 क्रमांकाच्या मार्गिकेवर बदलायचे. पुढचेच स्थानक ‘लियेशी लिंगयुआन’, म्हणजे हुतात्मा स्मशानभूमी. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही याच आवारात आहे. आणखी एक स्थानक पुढे गेले की बेथ्यून यांच्या नावाचे रुग्णालय लागते. याच रुग्णालयाचे कोटणीस पहिले संचालक. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी ते तिकडेच वारले.

रस्ता विचारताना ‘कोटणीस’ म्हटले तर कुणालाही बोध होणार नाही. तिथे ते ‘ख तीह्वा’. ‘ख’ उंच आणि सपाट सुरात, ‘ती’ वरून खाली आपटून, ‘ह्वा’ मात्र खालून वर, आपण ‘काय?’ विचारतो तसा. सूर चुकला तर शब्दच बदलतो. त्यापेक्षा चिनी लिपीतले नाव मोबाइलवर साठवून दाखवणे बरे. फुले न्यायची तर पांढरी किंवा पिवळी शेवंती. आपल्याकडे ती देवाला चालते, तिकडे ती मृतांची. म्हणूनच कुणाच्या घरी जाताना शेवंती चुकूनही नेऊ नये. 4-5 एप्रिलच्या सुमारास छिंगमिंग हा पितरांचा सण असतो. तेव्हा गर्दी असते, पण स्थानिक लोक समाधीपाशी काय करतात ते पाहायला तोच दिवस चांगला.

माणसे भेटतात ती उद्यानात. सकाळी निवृत्त मंडळी मोठा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे काढतात. ती मिनिटांत वाळतात. लिहिणारा थांबला की कुंचल्याकडे बोट दाखवावे आणि देवनागरीत आपले नाव लिहावे. शिरोरेघ शेवटी ओढलीत तर ती पाहायला माणसे जमतील. आजीच्या वयाच्या बाईंना ‘नायनाय’ म्हणतात, त्याहून लहान असतील तर ‘आयी’, जवळजवळ आपल्या आईसारखेच. भाषांतराच्या अ‍ॅपशी मात्र आपले बेळगावी ‘काय करूलालास’ चालत नाही. कर्ता घालून, लहान वाक्ये, शक्यतो इंग्रजीत बोलावीत. सीमाप्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवर चघळायचा विषय आहे, तिथे मात्र भारत-चीन सीमेचा विषय काढू नये.

शाकाहाऱ्यांनी ‘वो छ्र सू’ पाठ करावे, पण तेवढे पुरत नाही. ‘मांस नको’ याचा अर्थ ‘तुकडे नकोत’ असा घेतला जातो; रस्सा हाडांचा आणि चरबी डुकराची असू शकते. मांस, मासे, कालवांचा सॉस, हाडांचा रस्सा, चरबी असे एकेक नाव चिनीत लिहिलेला कागद सोबत असावा.

पैशांसाठी अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचे चिनी अ‍ॅप घरूनच सुरू करून कार्ड जोडावे, बँकेकडून परदेशी व्यवहार खुले करून घ्यावेत. एका व्यवहारात 200 युआनपर्यंत (युआन हे चिनी चलन) जादा आकार नाही, त्यावर 3 टक्के. ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून ते सिम काढून टाकलेत तर ऐन वेळी कार्ड अडते. वरखर्चाला दहा-वीसच्या नोटा ठेवाव्यात.

शेवटी, बीजिंगच्या वांगफूजिंग भागात कुणी तरुण आपणहून अस्खलित इंग्रजीत गप्पा मारत ‘चला, पारंपरिक चहा पिऊ’ म्हणाला, तर जाऊ नये. चहाचे बिल हजारांत येते.

कळावे,
बेळगाव आणि खानापूर येथील काही वाचक