वणव्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवा: पंचायतमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पंचायतमंत्री, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

वणव्याबद्दल लिहायचे तर वनमंत्र्यांना लिही, असे आमच्याकडे कोणीही सांगेल. दर उन्हाळ्यात तशी निवेदने त्यांच्याकडे जातातही. हे पत्र मी मुद्दाम आपल्याला लिहितो आहे. सत्तरी तालुक्यात काजूची बागायत सांभाळता सांभाळता माझे एक मत पक्के होत गेले आहे. आमच्याकडचा वणवा अभयारण्यात शिरतो, बातमीत येतो, तेव्हा तो बहुतेक वेळा आधीच कुठेतरी खाली वाढलेला असतो. तो जिथे लागतो त्या जमिनीवर वनखात्याचे फारसे चालत नाही, आणि त्या जमिनीचा इंच न् इंच ज्यांना ठाऊक आहे त्या गावाला कोणी विचारत नाही.

मार्च २०२३ चे वणवे आठवा. साट्रे, चरावणे, देरोडे, चोर्ला घाटाचा परिसर, तिकडे दक्षिणेत नेत्रावळी, खोतीगाव. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बादल्या लटकवून डोंगरावर पाणी ओतत होती. वनखात्याच्या हिशेबात ७४ ठिकाणच्या आगी आल्या आणि सुमारे ४.१८ चौरस किलोमीटर क्षेत्राला झळ पोचल्याचे सांगण्यात आले. त्या पंधरवड्यात कट झाला, भूमाफिया झाले, काजूवाले झाले, हवामान बदल झाला. सगळ्यांची नावे घेऊन झाली. पणजीत चर्चा झाली. ज्या गावांच्या डोक्यावर हे डोंगर जळत होते, तिथल्या ग्रामसभेपुढे मात्र हा अहवाल ठेवायचे बंधन कोणावरच नव्हते. आजही नाही.

जमिनीचे कोडे आपल्याला नवे नाही, तरी सांगतो. आमच्याकडच्या एखाद्या डोंगराच्या उतारावर वरून खाली या. माथ्यावर अभयारण्य. त्याखाली राखीव जंगल. मध्येच खाजगी मालकीची जंगले शोधायला नेमलेल्या सावंत आणि करापूरकर समित्यांनी खाजगी वन म्हणून दाखवलेला तुकडा. त्याला लागून सरकारच्या वन विकास महामंडळाची काजू. मग मोकासो (जुन्या जमीनदारीची) किंवा आल्वाराची (पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेली) जमीन, जिचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे हक्क नोंदीचा कागद, काढला तर भलतेच नाव निघते आणि कसणारा दुसराच असतो. शेवटी आमच्या बागायती, जुन्या कुमेरीच्या (फिरत्या शेतीच्या) जागा, पडीक भाटे (बागायती जमिनी). म्हादई अभयारण्य जाहीर झाले १९९९ साली, पण त्यातल्या लोकांच्या हक्कांचा निवाडा वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. एका उतारावर इतके धनी असले की धूर दिसल्यावर पहिला अर्धा तास हद्द ठरवण्यात जातो. एक म्हणतो जागा खाजगी आहे, दुसरा म्हणतो बंब तिथवर चढत नाही, तिसरा म्हणतो हा पंचायतीचा विषय नाही. मार्चमध्ये घाटावरून उतरणाऱ्या कोरड्या वाऱ्याला अर्धा तास पुष्कळ झाला.

आता काजूबद्दल, कारण बोट शेवटी तिथेच येते. काजू धरायच्या आधी झाडाखालचे रान काढावेच लागते, नाहीतर पडलेला बोंडू पाचोळ्यात दिसत नाही. काढलेले रान ओढून एका बाजूला रचायचे आणि पेटवायचे, ही जुनी रीत. सकाळी दंव असताना, कडेने चार हात जागा झाडून, दोन माणसे राखणीला ठेवून पेटवले तर सहसा काही होत नाही. पण मजूर परवडत नाही, मग एकटाच माणूस दुपारी काडी लावतो आणि जेवायला घरी जातो. सगळे काजूवाले साव आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र सगळे वणवे काजूवालेच लावतात हे म्हणणेही सोयीचे आहे, खरे नव्हे. शिकारीसाठी सावज उठवायला आग लावतात. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, गुरांना कोवळे गवत यावे म्हणून लावतात. मधासाठी धूर करतात आणि निखारे तसेच ठेवतात. धबधब्यावर आलेल्यांच्या चुली असतात, घाटात गाडीतून भिरकावलेली विडी असते. यातले कोण, कुठे आणि साधारण कधी, हे गावाला जानेवारीतच ठाऊक असते. मैलोगणती जंगल एकट्याने सांभाळणाऱ्या वनरक्षकाला ते कळायचे कसे?

जळते काय, ते थोडक्यात. आमची जंगले पानझडीची आणि मिश्र. माट्टी, किंजळ या झाडांचा पाचोळा पेटतो, आग जमिनीलगत सरकते, मोठे झाड बहुधा तगते. मरतात ती रोपे, बिया, सरपटणारे जीव, जमिनीवरची अंडी. दरवर्षी त्याच जागी आग लागली की तिथे रानमोडी हे तण माजते, आणि वाळलेली रानमोडी पुढच्या वर्षी आणखी जोरात पेटते. मग पहिल्या पावसात उघडी माती ओहळात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा आराखड्याला मान्यता दिली तेव्हा म्हादईसाठी अख्खा गोवा बोलत होता, आणि ते योग्यच होते. त्यानंतर तीन महिन्यांतच त्याच नदीचे डोंगर जळले. म्हादई आपली म्हणणाऱ्यांना त्या डोंगरांचा हिशेब कुठे मागायचा हेही ठाऊक नव्हते.

म्हणून माझे मागणे एकच आहे. आपल्या पंचायत राज कायद्यानुसार सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये होतात. वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे. इतके जुळलेले वेळापत्रक सरकारी कामात क्वचितच सापडते. जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक पंचायतीच्या जानेवारीच्या ग्रामसभेत वणव्याचा विषय सक्तीने घ्यावा आणि क्षेत्रीय वनाधिकाऱ्याने तिथे स्वतः हजर राहावे. त्याने नकाशा भिंतीवर लावावा: जाळरेषा (आग अडवायला साफ ठेवलेला पट्टा) कुठून कुठे जाते, यंदा किती साफ झाली, किती राहिली. फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवणारे हंगामी राखणदार, म्हणून कोणाला घेतले, त्यांना पैसे कधीपासून कधीपर्यंत मिळणार, हे वाचून दाखवावे. वणवा प्रतिबंधाच्या केंद्रीय योजनेत खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा असतो; त्यातले आमच्या परिसरात काय उतरले तेही सांगावे. जाळरेषा कागदावर साफ झाली की डोंगरावर, हे गावात गुरे घेऊन फिरणाऱ्या माणसाइतके कोणताही लेखापरीक्षक सांगू शकणार नाही. त्याच सभेत रान पेटवण्याचे दिवस ठरावेत, वाड्यावाड्यांतून आळीपाळीने, पंचसदस्याला कळवून.

एप्रिलच्या सभेत झाल्या गोष्टींचा हिशेब. कुठे जळले, जमीन कोणाची, कारण काय निघाले, गुन्हा नोंद झाला का, महामंडळाच्या जागेत आग लागली असेल तर जाब कोणी दिला. हे प्रश्न विचारायला गावाला आज जागाच नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे ७९ वे कलम जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग कळवायची आणि विझवायला मदत करायची सक्ती करते. म्हणजे कर्तव्य आहे, प्रश्न विचारायची मुभा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला, पण गोव्यात त्या कायद्याखालचे हजारो दावे वर्षानुवर्षे फायलीत पडून राहिले. जैवविविधता समित्या पंचायतींमध्ये आहेत. त्यांनी एकदा गावच्या झाडाप्राण्यांची नोंदवही भरली की काम संपल्यासारखे होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि तिथले निर्णय ग्रामसभा घेते. ते आदिवासी गाव, तिथली जमीन वेगळी, ते सगळे मान्य. आम्ही तेवढे मागतही नाही. आम्ही फक्त माहिती मागतो.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे इशारे देते. ३७५ मीटरच्या चौकटीपर्यंत जागा कळते आणि नोंदणी केलेल्या कोणालाही तो संदेश फोनवर येतो. पंचायत सचिव, सरपंच आणि जंगलालगतच्या प्रभागांचे पंच यांची नोंदणी आपल्या संचालनालयाला एका दिवसात करून घेता येईल.

यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे. ग्रामसभेत भांडणे होतात, गणपूर्ती होत नाही, विरोधी गटाच्या माणसावर आळ घ्यायला वणव्याचे निमित्त मिळेल. होईल थोडे तसे. म्हणूनच दंड करायचा अधिकार पंचायतीला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कायद्याने ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू द्या. पंचायतीने पाहावे, विचारावे, लिहून ठेवावे. २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाने म्हादईच्या जंगलात व्याघ्र क्षेत्र अधिसूचित करायला सांगितल्यापासून आमच्या गावांत वनखात्याचा शर्ट दिसला तरी लोक दार लावून घेतात. त्या क्षेत्राबद्दल माझे मत काहीही असो, पण वर्षातून दोनदा नकाशा घेऊन समोर उभा राहणारा अधिकारी आणि फक्त नोटीस घेऊन येणारा अधिकारी यांत लोक फरक करतात.

यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. आपल्या खात्याचे एक परिपत्रक आणि वनखात्याशी एक बैठक, तीही डिसेंबर संपायच्या आत, म्हणजे जानेवारीच्या विषयपत्रिकेत हा विषय छापून येईल. सुरुवातीला राज्यातल्या १९१ पंचायतींपैकी फक्त सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणातल्या घ्या. आमच्या गावची सभा रविवारी सकाळी असते. क्षेत्रीय वनाधिकाऱ्यांसाठी पुढच्या ओळीत खुर्ची ठेवायची जबाबदारी माझी.

आपला,
सत्तरीतील एक काजू बागायतदार

प्रत: माननीय वनमंत्री, सर्व जिल्हाधिकारी