परदेशात अत्याचार झाला तर घरच्यांनी आधी काय करावे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांच्या आणि आखातातील नोकऱ्यांच्या जाहिराती आपल्या दैनिकात नित्य छापून येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मुली आता वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियाला, परिचारिका म्हणून जर्मनीला, उच्च शिक्षणासाठी आयर्लंडला आणि घरकामासाठी कुवेत-मस्कतला जाऊ लागल्या आहेत, याचा मला आनंदच आहे. मात्र त्यांच्यापैकी एखादीवर तिकडे लैंगिक अत्याचार झाला तर पहिल्या एक-दोन दिवसांत नेमके काय करायचे, हे तिला एजंट सांगत नाही, कॉलेज सांगत नाही आणि आपण वडीलधारी मंडळी तर तो विषयही काढत नाही. बेळगावच्या न्यायालयात वकिली करताना अशा प्रसंगातून गेलेल्या काही कुटुंबांशी माझा संबंध आला. त्यांची ओळख पटेल असे काहीही न सांगता, जे इतरांच्या उपयोगी पडेल तेवढे येथे लिहीत आहे.

अशा मुलीचा पहिला फोन बहुधा पोलिसांना जात नाही आणि दूतावासालाही जात नाही. तो घरी, आईला किंवा थोरल्या बहिणीला येतो. त्यामुळे त्या फोनवर आपण काय बोलतो यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. मी पाहिलेल्या घरांत पहिला प्रश्न 'तिथं कुणाला कळलं नाही ना?' हाच होता, आणि पाठोपाठ काका-मामांचा सल्ला होता, की आंघोळ कर, कुणाशी काही बोलू नकोस, तिकीट काढतो, निघून ये. हा सल्ला मायेपोटी दिला जातो हे मी नाकारत नाही, पण त्यातली एकेक गोष्ट त्या मुलीचे नुकसान करते. आंघोळ केली की अंगावरचा पुरावा जातो, गप्प राहिले की औषधांची वेळ टळते, आणि तक्रार न करता विमानात बसले की त्या देशातील तपासाचा रस्ता जवळपास बंद होतो. एका मुलीने अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवले होते, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून. पिशवी उघडली तेव्हा कपड्यांवर बुरशी चढली होती. कपडे कागदाच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात, प्रत्येक कपडा वेगळा गुंडाळून ठेवायचा असतो, ही साधी गोष्ट तिला फोनवर सांगणारे कुणी नव्हते.

पोलिसांत जायचे की नाही हा निर्णय मुलीचा, आणि तो तिने सावकाश घेतला तरी चालतो. डॉक्टरकडे मात्र लगेच जावे लागते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून पुढे २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा रोखणाऱ्या तातडीच्या गोळ्यांपैकी नेहमी मिळणारी गोळी ७२ तासांपर्यंत आणि दुसऱ्या प्रकारची गोळी १२० तासांपर्यंत घेता येते. हिपॅटायटिस बीची लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचीही चौकशी करावी. पेयातून गुंगीचे औषध दिल्याचा संशय असेल तर लघवीची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी, कारण काही औषधांचा माग काही तासांतच नाहीसा होतो. आंघोळ झाली, कपडे धुतले गेले किंवा चार दिवस उलटले, म्हणून आता जाऊन उपयोग नाही असेही समजू नये. शरीरावरचे पुरावे काही देशांत सात दिवसांपर्यंत गोळा करतात, आणि मोबाईलमधले संदेश, टॅक्सीची पावती, इमारतीतला सीसीटीव्ही हेदेखील पुरावेच असतात.

पोलिसांना न कळवता पुरावा जपून ठेवण्याची सोय काही देशांत आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी स्वतंत्र केंद्रे आहेत आणि तेथे पोलिसांशिवाय थेट जाता येते, पैसे पडत नाहीत. आयर्लंडमधील अशा केंद्रांत गोळा केलेले नमुने, मुलीने तक्रार केली नसली तरी, वर्षभर सांभाळले जातात. जर्मनीतही गोपनीय रीतीने नमुने घेऊन ठेवता येतात आणि तेथील ११६०१६ या क्रमांकावर महिलांना चोवीस तास अनेक भाषांतून सल्ला मिळतो. ऑस्ट्रेलियात १८०० ७३७ ७३२ हा क्रमांक आहे. मुलीने गेल्यावर पहिल्या आठवड्यातच आपल्या शहरातले असे केंद्र कुठे आहे ते पाहून ठेवावे; घर, बसचा पास आणि किराणा दुकान शोधते, तेव्हाच हेही शोधावे.

आखाताची गोष्ट वेगळी आहे, आणि सीमाभागातून घरकामाला जाणाऱ्या बायका बहुतेक तिकडेच जातात म्हणून ती जरा विस्ताराने सांगते. विवाहबाह्य शरीरसंबंध हा तेथील काही देशांत आजही गुन्हा आहे, त्यामुळे अत्याचाराची तक्रार करायला गेलेली बाईच आरोपी ठरू शकते. २०१३ मध्ये दुबईत नॉर्वेच्या एका तरुणीने बलात्काराची तक्रार केली, तेव्हा विवाहबाह्य संबंध, मद्यपान वगैरे आरोपांवरून तिलाच १६ महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली आणि जगभर ओरड झाल्यावर माफी देऊन सोडण्यात आले. २०१६ मध्ये कतारमध्ये एका डच तरुणीच्या वाट्याला असाच प्रकार आला. संयुक्त अरब अमिरातीने त्यानंतर आपले कायदे बरेच सैल केले असले, तरी शेजारच्या सर्व देशांनी तसे केलेले नाही. म्हणून आखातात जीव धोक्यात नसेल तर पोलिसांत जाण्याआधी भारतीय दूतावासाला फोन करावा आणि शक्य तर तेथील माणसाला किंवा वकिलाला सोबत घेऊनच जबाब द्यावा. जीव धोक्यात असेल, तर अर्थातच आधी तिथून बाहेर पडावे.

घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत बाहेर पडणे हेच मुळात अवघड असते. पासपोर्ट मालकाकडे असतो, फोन तो काढून घेऊ शकतो, आणि न सांगता घर सोडले तर ती पळून गेल्याची तक्रार करून तिला अटक करवणे कफीलला, म्हणजे जिच्या नावे व्हिसा असतो त्या मालकाला, सोपे जाते. दूतावासाचा क्रमांक केवळ मोबाईलमध्ये असून भागत नाही. तो पाठ हवा, आणि इकडे घरच्या कॅलेंडरवरही लिहिलेला हवा. त्यात एजंटांनी आणखी एक घोळ करून ठेवला आहे. दहावी न झालेल्यांना बहुधा 'ईसीआर' (कामासाठी ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक) शिक्क्याचा पासपोर्ट मिळतो आणि अशा ३० वर्षांखालील महिलांना आखातात कामाला जाण्याची परवानगी सरकार देत नाही. ही अट चुकवण्यासाठी एजंट त्यांना व्हिजिट व्हिसावर पाठवतो. अशा बाईची कामगार म्हणून कुठेही नोंद नसते, आणि 'तू चोरून आलीस, तक्रार केलीस तर तुलाच आत टाकतील' ही भीती घालायला मालकाला आयते कारण मिळते. ती भारतीय नागरिक आहे आणि दूतावासाचे दार तिला बंद होत नाही, एवढे तिला कुणीतरी निघण्यापूर्वीच ठासून सांगायला हवे.

दूतावासाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याबद्दलही दोन टोकांचे गैरसमज आहेत. दूतावास गुन्ह्याचा तपास करू शकत नाही आणि आरोपीला पकडू शकत नाही. पण तो वकिलांची व दुभाष्यांची यादी देतो, पासपोर्ट नसेल तर मायदेशी येण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट काढून देतो, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू व्यक्तीला तात्पुरता निवारा, औषधोपचार, कायदेशीर मदत व परतीचे तिकीट यांसाठी खर्च करू शकतो. मुलीला कोठडीत टाकले असेल, तर दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क तिला १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. घरच्यांना इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ती नोंदवून क्रमांक घ्यावा आणि मग खासदारांकडे जावे. आपल्याकडे लोक आधी खासदारांच्या घरी जातात आणि हातात कागदाचा तुकडाही नसतो.

आता इकडच्या पोलिसांविषयी. 'बाहेरच्या देशातला गुन्हा आमच्याकडे होत नाही' असे सांगून पोलीस ठाण्यातून परत पाठवल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्या आहेत. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आरोपी परदेशी नागरिक असेल आणि घटना परदेशात घडली असेल, तर खटला तिकडेच चालावा लागतो, आणि बेळगावात 'झिरो एफआयआर' (हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायची फिर्याद) केला की तो दुबईला वर्ग होईल ही समजूत चुकीची आहे. पण आरोपी भारतीय असेल, आणि सोबत राहणारा, सोबत काम करणारा किंवा मुकादम असा आपलाच माणूस असणे मुळीच दुर्मिळ नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ नुसार त्याच्यावर भारतात कारवाई होऊ शकते. खटला चालवण्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. पण मंजुरी नाही म्हणून फिर्याद घेणार नाही, असे ठाणेदाराला म्हणता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील याच तरतुदीचा असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच लावला आहे. यासाठी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, तेथे मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१०० आहे. मुलगी परदेश सोडून येणारच असेल, तर निघण्यापूर्वी तक्रारीची प्रत, वैद्यकीय अहवाल आणि तपास अधिकाऱ्याचे नाव हातात असावे आणि तिकडच्या वकिलाला मुखत्यारपत्र दिलेले असावे, नाहीतर इकडे आल्यावर एकेका कागदासाठी महिने जातात.

सीमाभागातल्या माणसाला या सगळ्यात एक जादा अडचण आहे. खानापूर तालुक्यातल्या आईला तिची हकिकत मराठीतच सांगता येते, आणि कचेरीत तिच्यापुढे कन्नडमधला कागद येतो. शेजारचा कुणी तो वाचून दाखवतो, म्हणजे ज्याच्यापासून गोष्ट लपवायची त्याच्याच हाती ती जाते. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. तेव्हा अर्ज मराठीत द्यावा आणि पोच मागून घ्यावी. जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे, की पासपोर्ट काढायला येणाऱ्यांसाठी दूतावासांचे क्रमांक आणि वर सांगितलेली माहिती मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत एका पानावर छापून द्यावी; भाषेच्या वादात हे पान अडकू नये. परदेशी पाठवणाऱ्या संस्थांनीही निरोप समारंभात हारतुऱ्यांबरोबर ते पान द्यायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती आपल्यालाही आहे. अशा घटनांच्या बातम्यांत मुलीचे नाव दिले जात नाही, पण गाव, वडिलांचा व्यवसाय, कोणत्या देशात काय शिकायला गेली हे सगळे दिले जाते. चारशे उंबऱ्यांच्या गावात याहून अधिक ओळख ती काय हवी? नावच नव्हे, तर ओळख पटेल असा कोणताही तपशील छापू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये बजावले आहे. घटना परदेशातली असली तरी आपल्या वार्ताहरांनी हाच दंडक पाळावा, आणि अशा बातमीखाली मदतीचे क्रमांक छापावेत. गावाच्या नावाला लागते तेवढ्याच जागेत तेही मावतात.

आपली विश्वासू,
एक महिला वकील, टिळकवाडी, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)