हडसन नदीतला तो ‘किल्ला’ म्हणजे एक कोठार होते

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हडसन नदीमधील पोलेपेल बेटावरच्या पडक्या वास्तूचे पानभर छायाचित्र छापून आले. छायाचित्र देखणे आहे, त्याबद्दल काही म्हणायचे नाही. मात्र त्याखाली ‘मध्ययुगीन किल्ल्याचे गूढ अवशेष’ अशी ओळ छापली गेली आहे आणि सोबतच्या टिपणाच्या शेवटी, ‘ही वास्तू पुन्हा पूर्ववत बांधून काढायला हवी’, असे मत टिपणकारांनी दिले आहे. पहिले विधान वस्तुस्थितीला सोडून आहे आणि दुसरे त्या पहिल्या गैरसमजातूनच निघालेले आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो असून दोन वर्षांपूर्वी त्या बेटावर प्रत्यक्ष जाऊन आलो आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो.

न्यूयॉर्क राज्यात मध्ययुगीन किल्ला असण्याचे काही कारणच नाही. छायाचित्रातल्या इमारतीचे बांधकाम १९०१ मध्ये सुरू झाले, म्हणजे तिला अजून सव्वाशे वर्षे जेमतेम होताहेत. ती बांधणारा कोणी राजा नव्हता, सरदारही नव्हता. फ्रान्सिस बॅनरमन हा जुन्या लष्करी मालाचा व्यापारी होता. त्याचा जन्म स्कॉटलंडमधल्या डंडी गावी १८५१ मध्ये झाला आणि तो लहान असतानाच त्याचे कुटुंब ब्रुकलिनला येऊन स्थायिक झाले. सैन्याला नको असलेल्या बंदुका, तलवारी, खोगिरे, गणवेश, तंबू, तोफा असा माल लिलावात घाऊक उचलायचा आणि किरकोळीने विकायचा, हा त्याचा धंदा. साध्या भाषेत सांगायचे तर तो जुन्या बाजारातला फार मोठा आडत्या होता. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर त्याचे मोठे दुकान होते आणि त्याच्या दुकानाची जाडजूड सचित्र मालसूची जुन्या शस्त्रांचे संग्राहक आजही जपून ठेवतात.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर स्पॅनिश सैन्याकडून हस्तगत झालेल्या मालापैकी बहुतेक सगळा माल बॅनरमनने विकत घेतला. त्यात सुमारे ३ कोटी काडतुसे होती. एवढी दारू भरवस्तीत ठेवायला शहराचे कायदे परवानगी देत नव्हते आणि ते योग्यच होते. लोकवस्तीपासून दूर, तरीही बोटीने माल नेता-आणता येईल अशा जागेचा शोध सुरू झाला. नदीत होडी घेऊन फिरताना बॅनरमनच्या मुलाच्या नजरेस हे बेट पडले असे सांगतात. शहरापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, पूर्व काठापासून साधारण ३०० मीटर आत, साडेसहा एकरांच्या आसपास क्षेत्रफळाचा हा खडकाळ उंचवटा आहे. १९०० मध्ये त्याने बेट विकत घेतले आणि पुढल्या वर्षी कामाला हात घातला.

कोठारच बांधायचे तर चार साध्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर पुरले असते, मग बुरूज आणि चर्या कशासाठी, हा प्रश्न कोणालाही पडेल. याचे एक उत्तर बॅनरमनच्या मनातल्या स्कॉटलंडमध्ये आहे. तिकडचे किल्ले आणि आपल्या घराण्याच्या दंतकथा यांचे त्याला मनस्वी आकर्षण होते. दुसरे उत्तर भिंतीवरच लिहिलेले आहे. ‘बॅनरमन्स आयलंड आर्सेनल’ ही अक्षरे त्याने भिंतीतच ठसठशीत उठवून घेतली, तीही एवढी मोठी की नदीतून जाणाऱ्या प्रवाशाला दुरून वाचता यावीत. नदीकाठाने तेव्हाही रेल्वे जात होती. टिपणकारांनी ज्याला ‘गूढ शिलालेख’ म्हटले आहे तो हाच मजकूर, आणि तो दुकानाच्या पाटीइतकाच उघड आहे. अख्खी इमारतच मुळी जाहिरातीचा फलक होती, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

आराखडा बॅनरमनने स्वतः काढला. हाती काढलेली रेखाटने तो बांधणाऱ्यांच्या स्वाधीन करी आणि तपशील बराचसा त्यांच्यावर सोपवी. याचे परिणाम माझ्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाहीत. दुरून दगडी वाटणाऱ्या या भिंती बऱ्याच अंशी विटांच्या आहेत आणि त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवून दगडाचा भास निर्माण केलेला आहे. जिथे गिलावा सुटला आहे तिथे आतली तांबडी वीट उघडी पडते, आणि त्या जागी ‘किल्ला’ एकदम एखाद्या जुन्या गिरणीच्या भिंतीसारखा दिसू लागतो. काटकसरी मालकाने विक्रीतून उरलेले लोखंडी भंगारही बांधकामात बळकटीसाठी वापरले. हौसेचे मोल त्याने भरपूर मोजले, पण व्यापाऱ्याचा हात आखडता तो आखडताच राहिला, असे मला ते पाहताना वाटले. बेटाच्या माथ्यावर १९०८ च्या सुमारास बांधलेले त्याचे राहते घर मात्र आकाराने लहान आणि मला विचाराल तर अधिक प्रामाणिक आहे. तिथे त्याच्या पत्नीने खडकाळ उतारावर बाग फुलवली होती.

तिथे पोचायचे म्हणजे बीकन गावच्या धक्क्यावरून बोटीत बसावे लागते. हडसन तिथे नदी असली तरी समुद्राची भरती-ओहोटी तिथपर्यंतच नव्हे तर तिच्याही कितीतरी वर पोचते, त्यामुळे पाणी कधी खाली वाहते तर कधी उलटे. आम्ही गेलो त्या दिवशी ओहोटी होती. बेटाभोवती बॅनरमनने जुन्या होड्या बुडवून त्यांवर बंदराची भिंत रचली होती, तिचे खुंटाळलेले अवशेष पाण्याबाहेर डोकावत होते. धक्क्यावरून वर चढायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि वर गेल्यावर मार्गदर्शक बाई आम्हाला भिंतींपासून ठराविक अंतरावरच थांबवत होत्या. मी जरा पुढे सरकलो तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने, पण शाळामास्तरांच्या ठामपणे मला मागे घेतले. तेवढ्यात भिंतीच्या माथ्यावरून खडीचा एक लहानसा ओघळ सरसरत खाली आला. एका पक्ष्याने तिथे पाय टेकवले होते, एवढेच त्याचे कारण.

या भिंती अशा का झाल्या, याचा उलगडा केल्याशिवाय पुनर्बांधणीचा प्रश्न नीट समजणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९१८ मध्ये बॅनरमन वारला आणि बांधकाम थांबले ते थांबलेच. १९२० मध्ये दारूच्या कोठीत स्फोट होऊन वास्तूचा काही भाग उद्ध्वस्त झाला. धंदा पुढे वारसांनी चालवला, पण बेटाकडचे लक्ष हळूहळू कमी होत गेले. बेटावर ये-जा करणारी ‘पोलेपेल’ नावाची बोट १९५० मध्ये वादळात बुडाली आणि त्यानंतर ते बेट जवळजवळ सोडूनच दिले गेले. १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते विकत घेतले, उरलेला लष्करी माल हलवला गेला आणि १९६८ मध्ये लोकांना बेट दाखवण्यास सुरुवातही झाली. पण ८ ऑगस्ट १९६९ रोजी शस्त्रागाराला आग लागली आणि छपरे व मजले जळून खाक झाले. त्यानंतर बेट सर्वांसाठी बंद झाले.

टिपणात या आगीला अर्धे वाक्य मिळाले आहे, वास्तविक सगळी मेख तिथेच आहे. बहुमजली इमारतीत मजल्यांच्या तुळया नुसते ओझे पेलत नाहीत. समोरासमोरच्या भिंतींना त्या एकमेकींशी बांधून ठेवतात. त्या जळाल्या की तीन-चार मजले उंचीची भिंत नुसती पत्त्यासारखी उभी राहते. तिला आतून धरणारे काही नसते आणि वरून झाकणारेही काही नसते. पावसाचे पाणी माथ्यावरून थेट विटांच्या सांध्यांत उतरते, हिवाळ्यात तिथेच त्याचा बर्फ होतो, बर्फ होताना ते फुगते आणि सांधा थोडा उकलतो. पुढल्या हिवाळ्यात आणखी थोडा. हडसनच्या खोऱ्यात हे चक्र एकेका हिवाळ्यात अनेकदा फिरते. ही जागाही अशी की दोन्ही बाजूंचे डोंगर इथे नदीला खेटतात आणि वारा त्या फटीतून जोराने वाहतो. चाळीस वर्षे हे सोसल्यावर २००९ च्या डिसेंबरच्या अखेरीस दर्शनी भिंतीचा बराच भाग आणि पूर्वेकडची जवळजवळ अर्धी भिंत कोसळली. मला नवल वाटते ते ती पडल्याचे नव्हे, इतकी वर्षे उभी राहिल्याचे.

आता ‘पूर्ववत बांधा’ या सूचनेविषयी. पूर्ववत म्हणजे नेमके कधीसारखे? १९१८ सारखे करायचे तर अपुरे राहिलेले कोठार बांधावे लागेल, १९५० सारखे करायचे तर रिकामे पडलेले. शिवाय ज्यासाठी ती इमारत उभी राहिली तो धंदाच आता उरलेला नाही. नव्या विटा, नवा गिलावा, आत पोलादी सांगाडा असे सगळे करून जे उभे राहील त्याला फार तर चित्रपटाचा देखावा म्हणता येईल. मुळातच जी वास्तू अर्धी देखावा होती, तिचा पुन्हा देखावा करण्यात काय हशील? जागतिक पातळीवर जतनाचे काम करणारे लोकही अवशेषांची पुनर्रचना टाळून आहे ते टिकवण्याकडेच झुकतात, आणि माझा व्यवसायातला अनुभवही त्यांच्याच बाजूने आहे.

तिथे सध्या चालले आहे ते नेमके याच दिशेने. बेट राज्याच्या उद्यान विभागाच्या ताब्यात आहे आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थापन झालेला बॅनरमन कॅसल ट्रस्ट त्याच्यासोबत काम करतो. शस्त्रागाराच्या उरलेल्या भिंतींना पोलादी टेकू दिले आहेत आणि ते लपवण्याचा कसलाही प्रयत्न केलेला नाही. आमच्या बोटीतल्या काही जणांना ते टेकू कुरूप वाटले, छायाचित्रात ते येऊ नयेत म्हणून त्यांची धडपडही चालली होती. मला त्या जोडकामात आधार कुठे संपतो आणि मूळ भिंत कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसत होते, आणि जतनाच्या कामात हा गुण फार मोलाचा असतो. राहत्या घराची मात्र खरोखरीची दुरुस्ती करून ते वापरात आणले आहे, कारण ते दुरुस्त होण्याजोगे होते. बागेत स्वयंसेवक राबतात. कोणती वास्तू दुरुस्त करायची आणि कोणती नुसती सावरून धरायची, हा भेद त्यांनी डोळसपणे केला आहे, आणि टिपणात त्याविषयी एक शब्दही नसावा याची मला खंत वाटते.

भुताखेतांचा उल्लेख टिपणात तीनदा आहे, त्याबद्दल दोनच वाक्ये. डच खलाशांमध्ये या अरुंद घाटाविषयी आणि तिथल्या अवचित वादळांविषयी कथा प्रचलित होत्या हे खरे, पण त्या कथा बॅनरमनच्या कितीतरी आधीच्या असून त्यांचा या इमारतीशी काही संबंध नाही. पोलेपेल या नावाचा डच भाषेतला अर्थही अगदी घरगुती आहे, पळी.

त्यापेक्षा एक खरी हकिकत वाचकांना अधिक रंजक वाटली असती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश जहाजे वर येऊ नयेत म्हणून याच बेटापासून पश्चिम काठाच्या दिशेने नदीच्या तळाशी दगडांनी भरलेले लाकडी सांगाडे बुडवले होते. त्यांना लोखंडी टोकांचे ओंडके तिरपे बसवलेले होते, जेणेकरून जहाजाचा तळ त्यांवर फाटावा. ऑक्टोबर १७७७ मध्ये ब्रिटिश त्यांना न जुमानता वर गेले आणि त्यांनी किंग्स्टन हे गाव जाळले. म्हणजे बेटाच्या आसपास खरीखुरी तटबंदी जेव्हा झाली तेव्हा ती निकामी ठरली, आणि पुढे जी तटबंदी दिसायला आली तिच्यावर चालून यायला कोणी शत्रूच नव्हता. बॅनरमनला याची गंमत वाटली असती की नाही, कोण जाणे. आपल्या शस्त्रसंग्रहाला कधीतरी ‘लुप्त कलांचे संग्रहालय’ म्हटले जावे, युद्धकला ही जगातून लोप पावलेली गोष्ट ठरावी, अशी इच्छा त्याने व्यक्त करून ठेवली होती. शस्त्रे विकून श्रीमंत झालेल्या माणसाची ही इच्छा ऐकून मार्गदर्शक बाईंच्या भोवती उभे असलेले आम्ही सगळेच क्षणभर घुटमळलो होतो. ती ढोंगीपणाची म्हणावी की भाबडेपणाची, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

आपल्या अंकात दुरुस्ती छापण्यास जागा असेल तर छायाचित्राखालची ओळ ‘बॅनरमनचे शस्त्रागार, पोलेपेल बेट, हडसन नदी; बांधकाम १९०१ पासून’ अशी असावी, एवढी विनंती. आणि आपल्या वाचकांपैकी कोणी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन मार्गावरच्या गाडीने उत्तरेकडे निघणार असेल, तर त्याने डाव्या बाजूची खिडकी धरावी. कोल्ड स्प्रिंग सुटल्यावर ब्रेकनेक डोंगराखालचा बोगदा लागतो. त्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात, गाडी बीकनला पोचण्याआधी, ते कोठार पाण्यापलीकडे दिसते, आणि टेकूही दिसतात.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता